डॉलर तिकडे अडकलेत, दूतावास काय करू शकतो? एक्सपोर्टर मंडळींचे नेहमीचे प्रश्न

माल पोचला, बायर समाधानी आहे, पण त्या देशाने परकीय चलनावर बंधनं घातल्यामुळे पेमेंट येत नाहीये, अशा परिस्थितीत लोक तिथल्या आपल्या दूतावासाचा नंबर शोधायला लागतात. बहुतेकांच्या अपेक्षा एकतर फार मोठ्या असतात (राजदूत फोन करतील आणि पैसे येतील) किंवा अजिबात नसतात (सरकारी काम, सहा महिने थांब). खरं चित्र या दोन्हीच्या मधलं आहे म्हणून एकत्र लिहून ठेवतोय.

बायर म्हणतो 'मी पैसे कधीच भरले', मग ते गेले कुठे?

बऱ्याचदा तो खरंच बोलत असतो. त्याने त्याच्या बँकेत स्थानिक चलनात रक्कम भरलेली असते, पण त्या रकमेचे डॉलर किंवा युरो करून द्यायला बँकेकडे परकीय चलनच नसतं, ते सेंट्रल बँकेकडून वाटून मिळतं आणि तिथे रांग असते. म्हणजे एका बँकेच्या खात्यात तुमचे पैसे वेगळ्या चलनात पडून आहेत. याला ट्रान्सफर रिस्क म्हणतात आणि बायरने पैसे बुडवणं ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. सगळ्यात आधी हाच फरक स्पष्ट करून घ्या, कारण दूतावास पहिल्या प्रकारात मदत करतो आणि दुसऱ्यात जवळपास काहीच करत नाही.

बायरकडे तोंडी आश्वासन मागू नका. त्याच्या बँकेचं पत्र मागा ज्यात तीन गोष्टी असायला हव्यात: स्थानिक चलनात किती रक्कम कोणत्या तारखेला जमा झाली, परकीय चलनासाठी अर्ज कधी केला, त्या अर्जाचा रेफरन्स नंबर काय. हे पत्र द्यायला बायर टाळाटाळ करत असेल तर प्रश्न चलनाचा नाही, बायरचाच आहे असं समजा.

स्थानिक चलनात भरले म्हणजे त्याची जबाबदारी संपली का?

नाही, निदान संपू देऊ नका. करार डॉलरमध्ये असेल तर डॉलर तुमच्या हातात पडेपर्यंत देणं शिल्लक आहे हे करारात लिहिलेलं असावं, आणि नसेल तर आता बायरकडून लेखी हमी घ्या की मधल्या काळात चलन घसरलं तर फरक तो भरेल. ही कागदी चिकित्सा वाटेल पण ६ मार्च २०२४ ला इजिप्तने पाउंड मोकळा सोडला (म्हणजे भाव बाजारावर सोडला) तेव्हा डॉलरचा भाव एका दिवसात साधारण ३१ वरून ५० च्या आसपास गेला, म्हणजे ज्याने जुन्या भावाने पैसे भरून ठेवले होते त्याच्या ठेवीत बिलाच्या जेमतेम दोन तृतीयांश डॉलर येणार. उरलेले कोण देणार? हमीपत्र असेल तर बायर, नसेल तर भांडण. आणि या भांडणात दूतावास पडत नाही, तो दोन व्यापाऱ्यांमधला मामला झाला.

बरं, मग दूतावास नक्की करतो काय?

राजनैतिक संबंधांच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या तिसऱ्या कलमात दूतावासाची कामं दिली आहेत, त्यात आपल्या नागरिकांच्या हितांचं रक्षण आणि आर्थिक संबंध वाढवणं ही दोन्ही आहेत, त्यामुळे तुम्ही मदत मागणं म्हणजे उपकार मागणं नाही. प्रत्यक्षात काम दूतावासाची कमर्शियल विंग, म्हणजे व्यापाराचा विभाग, करते आणि ते साधारण असं चालतं.

पहिली गोष्ट माहिती. रांग खरंच किती लांब आहे, कोणत्या मालाला प्राधान्य आहे (औषधं, अन्न, इंधन जवळपास सगळीकडे पुढे असतात), कोणत्या बँकांना चलन मिळतंय आणि कोणत्या नुसत्या अर्ज गोळा करतायत, हे तिथे बसलेल्या माणसाला तुमच्यापेक्षा आणि कित्येकदा तुमच्या बायरपेक्षाही जास्त कळतं. माझ्या मते सगळ्यात उपयोगी मदत हीच, पण लोक ती सगळ्यात कमी मागतात.

दुसरी गोष्ट चौकशी. तुमचा अर्ज सेंट्रल बँकेपर्यंत पोचलाय की बायरच्या बँकेच्या टेबलवरच आहे, हे दूतावास विचारू शकतो. दूतावासाच्या लेटरहेडवर विचारणा आली की बँकेला काहीतरी उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर देण्यासाठी फाइल उघडावी लागते, त्या उघडण्यातच कधीकधी कळतं की एक फॉर्म कमी होता.

तिसरी गोष्ट, आणि ही मोठ्या रकमांच्या वेळी, सगळ्या एक्सपोर्टर्सची थकबाकी एकत्र करून वरच्या पातळीवर मांडणं. सेंट्रल बँकेच्या गव्हर्नरबरोबर बैठक, अर्थमंत्रालयाला नोट व्हर्बाल (दूतावासाचं औपचारिक पत्र), दोन देशांच्या संयुक्त आयोगाच्या अजेंड्यावर विषय, मंत्री दौऱ्यावर जाणार असतील तर त्यांच्या ब्रीफमध्ये दोन ओळी. या दोन ओळींची किंमत कमी समजू नका, यजमान देशाला दौऱ्याआधी काहीतरी चांगली बातमी द्यायची असते आणि थकबाकीचा एक हप्ता सोडणं ही त्यातल्या त्यात स्वस्त चांगली बातमी असते.

आणि काय करत नाही?

वसुली करत नाही. तुमच्या बाजूने वकील म्हणून उभा राहत नाही. एका एक्सपोर्टरचं नाव दुसऱ्याच्या पुढे सरकवत नाही, सरकवायला गेला तर उद्या दुसरा ओरडणार. आणि ज्या देशाकडे डॉलरच नाहीत त्याला डॉलर काढायला लावू शकत नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं.

पत्रात काय लिहू? मी चार पानांचं लिहिलंय.

चार पानं कोणी वाचत नाही हो. एक पान. वर एका ओळीत रक्कम, चलन, देश, बायरचं नाव, बायरची बँक. मग तारखांचा क्रम: करार कधी, माल कधी निघाला, कस्टम्समधून कधी सुटला, स्थानिक चलन कधी भरलं, चलनासाठी अर्ज कधी. मग नेमकं काय हवंय ते एका वाक्यात, 'कृपया मदत करावी' असं मोघम नको, 'अमुक नंबरचा अर्ज सेंट्रल बँकेकडे पोचला आहे का याची खात्री करून द्यावी' असं. सोबत इनव्हॉइस, बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची पावती), एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, बायरच्या बँकेची पेमेंटची हमी) असेल तर तिची कॉपी, आयातीचा परवाना किंवा नोंदणी फॉर्म, मालाचा एचएस कोड (कस्टम्सच्या वर्गवारीतला नंबर), बायरच्या बँकेचं ते पत्र.

कागदपत्रांवर इतका जोर का, त्यासाठी नायजेरियाचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथे चलनाची थकलेली मागणी सुमारे ७ अब्ज डॉलरची होती, ती निकाली काढताना २०२४ च्या सुरुवातीला सेंट्रल बँकेने सांगितलं की तपासणीत त्यातले सुमारे २.४ अब्ज डॉलरचे दावे ग्राह्य धरण्यासारखे नाहीत, काहींना वैध आयात कागदपत्रंच नव्हती, काही कंपन्या अस्तित्वातच नव्हत्या. अशा चाळणीत सुक्याबरोबर ओलंही जळतं. तुमचा व्यवहार शंभर टक्के खरा असला तरी तिकडच्या फॉर्मवरची रक्कम आणि तुमच्या इनव्हॉइसवरची रक्कम जुळत नसेल तर तुम्ही चुकीच्या गठ्ठ्यात जाता, आणि तिथून बाहेर काढणं दूतावासालाही जड जातं. त्यातून बिल मुद्दाम कमी-जास्त दाखवलं असेल तर दूतावासाकडे जाऊच नका, तुमचीच चौकशी सुरू होईल.

थेट राजदूतांना ईमेल केला तर?

तो फिरून कमर्शियल विंगकडेच येतो, फक्त आठवडाभर उशिरा.

माझी रक्कम छोटी आहे, मला कोण विचारणार?

एकट्याला खरंच कमी विचारतात. म्हणून एक्सपोर्ट काउन्सिल, चेंबर ऑफ कॉमर्स, आपल्या मालाची जी संघटना असेल तिच्यामार्फत जा. दूतावासाला वीस वेगवेगळ्या तक्रारींपेक्षा वीस नावांची एक यादी हवी असते ज्यात एकूण आकडा आहे, बँकवार फोड आहे, किती महिने जुनी ते आहे. अशी यादी घेऊन अधिकारी बैठकीला जाऊ शकतो. शिवाय यादीत आलात की पुढे जेव्हा हप्त्याहप्त्याने चलन सुटतं (आणि सुटतं तेव्हा असंच सुटतं, बहुतेक वेळा छोट्या रकमा आधी निकाली काढतात कारण आकडा चांगला दिसतो) तेव्हा तुमचं नाव कुठेतरी लिहिलेलं असतं.

हे आंतरराष्ट्रीय नियमांत बसतं का? कुठे तक्रार नाही करता येत?

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या नियमावलीत कलम ८ आहे, त्यानुसार चालू व्यवहारांच्या पेमेंटवर, म्हणजे मालाच्या बिलांवर, निधीच्या संमतीशिवाय बंधनं घालायची नाहीत असं सदस्य देशांनी मान्य केलेलं असतं. काही देश अजून कलम १४ च्या संक्रमणकालीन सवलतीत आहेत, म्हणजे सदस्य होताना असलेली जुनी बंधनं त्यांना ठेवता येतात. पण हा नियम देश आणि नाणेनिधी यांच्यातला आहे, तुम्ही एक्सपोर्टर म्हणून तिथे अर्ज घेऊन जाऊ शकत नाही. तुमचं सरकार मात्र तिथे संचालक मंडळात बोलू शकतं, आणि एखादा देश निधीकडे कर्ज मागायला गेलेला असतो तेव्हा या बोलण्याला सगळ्यात जास्त वजन असतं. इजिप्तने चलन मोकळं केलं त्याच दिवशी निधीबरोबरचा कार्यक्रम ३ वरून ८ अब्ज डॉलरवर गेला, पाकिस्तानच्या स्टेट बँकेने कोणत्या आयातीला आधी चलन द्यायचं ही बँकांना दिलेली सूचना जून २०२३ मध्ये मागे घेतली तेव्हाही निधीशी करार तोंडावर होता. म्हणून बातम्यांत कधी 'निधीचं पथक दाखल' असं वाचलंत तर आपल्या संघटनेला सांगा की दूतावासाला यादी आत्ता द्या.

डब्ल्यूटीओचा (जागतिक व्यापार संघटनेचा) रस्ता आहे पण लांबचा. अर्जेंटिनाच्या आयात परवानगी पद्धतीविरुद्ध अमेरिका, युरोपियन युनियन आणि जपान २०१२ मध्ये गेले, अपिलाचा निकाल जानेवारी २०१५ मध्ये आला. तिन्ही बडे, तरी एवढा वेळ. तुमचं एक बिल तेवढं थांबेल का ते तुम्हीच ठरवा.

आणि त्याच कलम ८ ची दुसरी बाजूही बघा, परिच्छेद २(ब). एखादा परकीय चलनाचा करार एखाद्या देशाच्या वैध चलन नियमांविरुद्ध असेल तर इतर सदस्य देशांच्या कोर्टांतही तो अंमलात आणता येत नाही असा त्याचा आशय आहे. कोर्ट याचा अर्थ कुठे अरुंद लावतात कुठे रुंद, पण आडमार्गाने काही ठरवलंत तर नंतर कोर्टातही हात बांधले जाऊ शकतात.

बायर म्हणतो तिसऱ्या देशातल्या मित्राच्या कंपनीकडून पैसे पाठवतो. घेऊ का?

हाच तो आडमार्ग. इनव्हॉइस एकाच्या नावावर आणि पैसे भलत्याच खात्यातून आले की तुमची बँक मनी लाँडरिंगचे प्रश्न विचारणार, पैसे परत जाऊ शकतात, खातं गोठू शकतं, आणि तिकडे बायरवर समांतर बाजारातून चलन घेतल्याचा गुन्हा लागू शकतो. काही देशांत ठरावीक अटींवर तिसऱ्या पक्षाचं पेमेंट चालतं, तर आधी तुमच्या बँकेला लेखी विचारा. दूतावासाला यातलं सांगितलंत तर तो फक्त 'स्थानिक कायदा पाळा' एवढंच म्हणेल, दुसरं काही म्हणूच शकत नाही.

डॉलर सोडून दुसऱ्या चलनात घेतलं तर?

दोन्ही सरकारांनी तशी सोय केली असेल तर विचार करण्यासारखं आहे. ही कल्पना जुनी आहे, १९३१ नंतर जर्मनीने चलनावर कडक बंधनं घातली तेव्हा ब्रिटिश एक्सपोर्टर्सचे पैसे अडकले होते, मग नोव्हेंबर १९३४ मध्ये दोन्ही सरकारांत करार झाला की जर्मनी ब्रिटनला माल विकून जे कमावेल त्यातला ५५ टक्के हिस्सा ब्रिटिश मालाच्या बिलांसाठी बाजूला ठेवायचा. मुत्सद्देगिरीतून एक्सपोर्टर्सना मिळालेली मदत म्हणजे काय याचं हे स्वच्छ उदाहरण, कोणा एकाची शिफारस नाही तर सगळ्यांसाठी पाइपलाइन. अलीकडे एप्रिल २०२३ मध्ये अर्जेंटिनाने चिनी आयातीचे पैसे युआनमध्ये द्यायचं ठरवलं ते दोन सेंट्रल बँकांमधल्या स्वॅपच्या (एकमेकांना आपापलं चलन देण्याच्या कराराच्या) जोरावर. अशी पाइपलाइन तुमच्या देशाची आहे का हे कमर्शियल विंगला विचारा. नसेल तर स्वतःहून स्थानिक चलन घेऊन बसू नका, ते बाहेर काढता येत नाही म्हणूनच तर हा सगळा प्रश्न आहे.

तिकडचं सरकार रोख ऐवजी बाँड देतंय, घ्यावेत का?

हिशोब करून. अर्जेंटिनाने १२ डिसेंबर २०२३ पर्यंतच्या आयातीची थकलेली बिलं मिटवायला सेंट्रल बँकेचे बोप्रेआल नावाचे डॉलर बाँड काढले, आयातदाराने पेसो देऊन ते घ्यायचे आणि त्यातून परदेशी सप्लायरचं देणं फेडायचं. बाजारात ते दर्शनी किमतीपेक्षा कमी भावाला जायचे, मग तो तोटा बायरचा की तुमचा हा प्रश्न पुन्हा त्या हमीपत्राकडे येतो. १९८० च्या दशकात नायजेरियानेही व्यापारी थकबाकीपोटी प्रॉमिसरी नोट्स (पुढे पैसे देण्याच्या लेखी वचनचिठ्ठ्या) दिल्या होत्या आणि त्यांची मुदत वर्षानुवर्षं होती. माझं मत विचाराल तर ज्याला खेळतं भांडवल हवंय त्याने थोडा कट सोसून बाहेर पडावं. दूतावास इथे एकच गोष्ट करू शकतो पण ती मोलाची आहे, योजनेच्या अटी भाषांतरासकट आणि शेवटच्या तारखेसकट तुमच्यापर्यंत पोचवणं, कारण नोंदणीची मुदत चुकली की संपलं.

माझ्याकडे एक्सपोर्ट क्रेडिट इन्शुरन्स आहे, मग दूतावास कशाला?

पॉलिसीत ट्रान्सफर रिस्क कव्हर आहे का ते आधी वाचा, फक्त बायर बुडण्याचा विमा असेल तर उपयोग नाही. कव्हर असेल तरी क्लेमआधी काही महिन्यांचा प्रतीक्षा काळ असतो आणि त्या काळात तुम्ही वसुलीचे वाजवी प्रयत्न केले हे दाखवावं लागतं, दूतावासाबरोबरचा पत्रव्यवहार हा त्याचा चांगला पुरावा. मात्र विमा कंपनीला न विचारता बायरला मुदतवाढ, सूट, हप्ते काहीही देऊ नका, क्लेम फेटाळायला तेवढं पुरतं. क्लेम मिळाल्यावर तुमचा हक्क विमा संस्थेकडे जातो आणि ती सरकारी असेल तर प्रकरण सरकार-ते-सरकार होऊन कधीकधी पॅरिस क्लबपर्यंत (कर्ज दिलेल्या देशांच्या सरकारांचा गट) जातं. हा क्लब १९५६ मध्ये अर्जेंटिनाच्याच कर्जाच्या बैठकीतून सुरू झाला, अर्जेंटिना या लेखातून काही जायला तयार नाही.

दोन देशांत गुंतवणूक संरक्षण करार आहे, त्यात 'मुक्त हस्तांतरण' लिहिलंय.

ते गुंतवणुकीसाठी. साध्या मालविक्रीचं बिल सहसा गुंतवणूक धरत नाहीत. तिकडे तुमचा कारखाना किंवा कंपनी असेल तर वकिलाला विचारा.

मीडियात आवाज उठवला तर लवकर होईल का?

विमान कंपन्यांना ते थोडंफार जमलं. त्यांची संघटना आयाटा अडकलेल्या रकमांचे आकडे देशवार जाहीर करते, एप्रिल २०२३ मध्ये जगभरात २.२७ अब्ज डॉलर, त्यात एकट्या नायजेरियात ८१.२ कोटी. एमिरेट्सने २०२२ मध्ये नायजेरियाची उड्डाणं थांबवली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये परत सुरू केली. पण विमान थांबलं की सगळ्या देशाला जाणवतं, तुमचा कंटेनर थांबला तर बायर दुसऱ्या सप्लायरकडे जातो. शिवाय दूतावासाची बोलणी बंद दाराआड चालू असताना बाहेर बोंब मारली तर समोरचा अधिकारी हट्टाला पेटतो. आधी दूतावासाला विचारा, मग काय ते करा.

माल पोर्टवर पडून आहे, बायर सोडवत नाही कारण एलसी उघडत नाहीये.

२०२३ च्या सुरुवातीला कराचीत असे हजारो कंटेनर अडकले होते, त्याआधी इजिप्तने २०२२ मध्ये बहुतेक आयातीला एलसी सक्तीची केली तेव्हाही तेच. इथे रोज डेमरेज (माल पोर्टवर पडून राहिल्याचं भाडं) चढतंय म्हणून घाई करा आणि पेमेंटचा विषय बाजूला ठेवून फक्त मालाचा विषय न्या. बऱ्याच देशांत माल परत आणायला किंवा दुसऱ्याला विकायला मूळ बायरचं ना-हरकत पत्र लागतं, ते मिळवण्यात आणि कस्टम्सशी बोलण्यात दूतावास खरंच कामाला येतो कारण यात कोणाचे डॉलर जात नाहीत. नाशवंत माल असेल तर पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहा.

साधारण किती वेळ लागतो?

चौकशीचं उत्तर काही आठवड्यांत येतं. पैसे यायला महिने, कधी वर्ष. जो कोणी अमुक टक्के घेऊन पंधरा दिवसांत काढून देतो म्हणतो, दूतावासात ओळख आहे म्हणतो, त्याच्यापासून लांब राहा.

माल अजून पाठवलेला नाही, ऑर्डर मोठी आहे. आत्ता काय विचारू?

अहो हाच प्रश्न आधी विचारायचा असतो. कमर्शियल विंगला ईमेल करा आणि विचारा: या एचएस कोडच्या मालाला सध्या चलन मिळतंय का, किती दिवसांत, बायरच्या बँकेचा अनुभव काय, नियम बदलायच्या बेतात आहेत का, निवडणूक किंवा निधीशी बोलणी जवळ आहेत का. मग बायरकडे आगाऊ रक्कम किंवा बाहेरच्या चांगल्या बँकेने कन्फर्म केलेली (म्हणजे पैसे द्यायची हमी स्वतःही घेतलेली) एलसी मागा, कन्फर्मेशनमध्ये ट्रान्सफर रिस्क त्या बँकेवर जाते. कन्फर्म करायला कोणतीच बँक तयार नसेल, किंवा फी ऐकून डोळे पांढरे झाले, तर ती फी म्हणजेच बाजाराने सांगितलेली जोखीम आहे. तरीही पाठवायचंच असेल तर छोटे लॉट करा, पहिल्याचे पैसे खात्यात आल्यावर दुसरा भरा.